जॅझवादकांचे अनुबोधपट व त्यांचा प्रवास

वादकाची कला त्याच्या श्वासाबरोबर जन्मते आणि त्याच श्वासाबरोबर लय पावते. चित्रकाराचें चित्र मागें राहतें, कवीचा ग्रंथ राहतो. वादकाच्या मागें राहते ती ऐकणाऱ्यांची आठवण, आणि तीहि एका पिढीपुरती. ध्वनिमुद्रिकेनें ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली. पुढें बोलत्या चित्रानें वादकाचा हात, त्याचे ओठ, कपाळावरचा घाम आणि वाजवून झाल्यावरचा त्याचा चेहरा हेंहि जतन करण्याची सोय केली. अशा पटास आपल्याकडे अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. परंतु पट तयार झाला म्हणजे वादक वांचला, असें नव्हे. डब्यांत पडून राहिलेला पट आणि विस्मृतींत पडलेला वादक यांत फारसा भेद नाहीं. पट लोकांपुढें गेला पाहिजे. आणि तो कोणत्या वाटेनें लोकांपुढें जाणार आहे, यावर तो कसा घडतो हेंहि पुष्कळसें अवलंबून असतें. जॅझ वाजविणाऱ्या कलावंतांवरील कांहीं पटांच्या आधारें हा प्रश्न आम्ही येथें तपासणार आहों.

परभणी जिल्ह्यांतील वाचक प्रथमच विचारील कीं, अमेरिकेंतील या संगीताशीं आमचा संबंध काय? संबंध दिसतो त्याहून जवळचा आहे. न्यू ऑर्लिन्स शहरांत प्रेतयात्रेबरोबर बँड जात असे. स्मशानाकडे जातांना तो संथ व शोकपूर्ण वाजे, आणि परततांना त्याची लय नाचरी होई. जॅझच्या अनेक उगमांपैकीं हा एक मानला जातो. पलटणींच्या बँडांतील कर्णे, क्लॅरिनेट आणि ढोल हीं वाद्यें तिकडे जशीं सामान्य माणसांच्या हातीं आलीं, तशींच इकडे छावण्यांतून निघून तीं लग्नाच्या वरातींत उतरलीं. जिंतूरच्या किंवा सेलूच्या वरातींत गाल फुगवून कर्णा वाजविणारा माणूस व न्यू ऑर्लिन्सचा कर्णेवाला हे वाद्याच्या नात्यानें भाऊबंदच होत.

दुसरा संबंध चित्रपटांतून आला. १९३५ सालीं लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. त्याच्या व त्याच्यामागून आलेल्या वादकांच्या सहवासांत गोव्याहून आलेले अनेक तरुण हें संगीत शिकले. रात्रीं हॉटेलांत जॅझ आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोटाचा धंदा, असा त्यांचा क्रम असे. आल्दोन गांवचा अँतोनियो झेवियर वाझ, ज्याला लोक चिक चॉकलेट म्हणत, हा त्यांतील नामांकित कर्णेवाला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा तो साहाय्यक होता. १९५१ सालच्या 'अलबेला' या भगवान यांच्या चित्रपटांत त्याचा बँड पडद्यावरहि दिसतो. तेव्हां ज्यांनीं 'अलबेला' पाहिला त्यांनीं जॅझ ऐकला आहे. फक्त त्याचें नांव त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, आणि वाजविणाराचें तर नाहींच नाहीं.

जॅझचें मर्म तरी आम्हांस परकें कोठें आहे? चाल ठरलेली असते, पण तिचा विस्तार वादकाला त्या क्षणीं सुचतो. बढत करणारा गवई आणि अभंगाच्या एका चरणावर तासभर निरूपण करणारा कीर्तनकार यांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. म्हणूनच अशा कलेच्या पटाची पहिली कसोटी आम्ही अशी मानतों कीं, त्यांत वादकाला विस्तार करूं दिला आहे कीं नाहीं. गवयानें षड्ज लावावा आणि कोणीं उठून त्याच्या वैवाहिक दुःखाची हकीगत सांगूं लागावें, असा प्रकार ज्या पटांत घडतो तो वादकाचा पट नव्हे, त्याच्याविषयींच्या कुतूहलाचा पट होय.

या कसोटीला 'जॅझ ऑन अ समर्स डे' हा पट चांगला उतरतो. १९५८ सालीं न्यूपोर्ट येथें भरलेल्या जॅझ-उत्सवाचें हें चित्रण बर्ट स्टर्न या तरुण छायाचित्रकारानें केलें. यांत कोणाचें चरित्र नाहीं, निवेदन नाहींच म्हटलें तरी चालेल. समुद्रांत शिडांच्या होड्या चालल्या आहेत, लोक खुर्च्यांवर बसून आइस्क्रीम खात आहेत, आणि व्यासपीठावर एकामागून एक कलावंत येत आहेत. कॅमेरा वादकांवर जितका रेंगाळतो तितकाच श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. रात्रीं माहेलिया जॅक्सन प्रार्थना गाऊं लागते तेव्हां त्याच चेहऱ्यांवरची दुपारची चंचलता गळालेली दिसते. संगीतानें माणसांत काय पालट घडतो, हें एकहि शब्द न बोलतां यांत दाखविलें आहे. १९९९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत या पटाची नोंद झाली. मात्र होड्यांच्या हौसेपायीं कांहीं वादकांवर अन्याय झाला आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. वाद्य वाजत असतां पाणी पाहावें लागणें हें रसिकास सुखाचें होत नाहीं.

याच्या उलट टोंकास ब्रूस वेबर यांचा 'लेट्स गेट लॉस्ट' आहे. चेट बेकर हा कर्णेवाला व गायक तरुणपणीं रूपानें व स्वरानें लोकांस वेड लावीत असे. पुढें मादक द्रव्यांच्या व्यसनानें त्याचें सर्वस्व गेलें. वेबर यांनीं १९८७ सालीं त्याचें चित्रण केलें. १३ मे १९८८ रोजीं ॲमस्टरडॅम येथें हॉटेलाच्या खिडकींतून पडून बेकर मरण पावला, आणि त्याच वर्षीं पट व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला. ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नामांकन झालें. काळ्या-पांढऱ्या छायेंतील हा पट अत्यंत देखणा आहे. परंतु त्याचें हें देखणेपणच आमच्या शंकेचें कारण आहे. तरुण बेकरचीं जुनीं छायाचित्रें आणि सुरकुत्यांनीं भरलेलें त्याचें आजचें तोंड हीं पुनःपुन्हा शेजारीं मांडून वेबर भग्नतेचें सौंदर्य उभें करितात. हें पाहतांना प्रेक्षक हळहळतो खरा, पण ती हळहळ संगीतासाठीं असते कीं ढासळलेल्या वाड्यासाठीं, हें त्याचें त्यालाहि सांगतां येणार नाहीं.

तथापि याच पटांत एक प्रसंग असा आहे कीं, त्यानें सर्व दोष झाकले जावेत. १९८७ च्या कान महोत्सवांतील एका मेजवानींत बेकर गाण्यास उभा आहे, आणि जमलेली मंडळी आपल्या गप्पांत दंग आहेत. गाणें हळुवार आहे, कृपा करून शांत राहावें, अशी विनंति त्याला करावी लागते. मग तो गातो. एकवीस वर्षांनीं, २००८ सालीं, हाच पट दुरुस्त करून त्याच कान महोत्सवांत मोठ्या मानानें दाखविण्यांत आला. जिवंत वादकास जेथें शांतता मागावी लागली, तेथें त्याची छाया प्रेक्षकांनीं अंधारांत निमूटपणें पाहिली. महोत्सवांचा गुण आणि अवगुण या एका गोष्टींत जितका स्पष्ट दिसतो तितका दहा व्याख्यानांनींहि दिसणार नाहीं.

महोत्सवांचा गुण आम्ही नाकारीत नाहीं. मोठ्या चित्रगृहांचे मालक अनुबोधपटास सहसा दार उघडीत नाहींत. महोत्सवाची मोहोर बसली म्हणजे वर्तमानपत्रें लिहितात, वितरक विचारपूस करितात, आणि कांहीं शहरांतील कांहीं पडद्यांवर पट आठवडा-दोन आठवडे चालतो. पण या मोहोरेची किंमत कलावंताला कधीं कधीं कलेंतच मोजावी लागते. निवड करणाऱ्यांपुढें शेंकडों पट येतात. त्यांत नजरेंत भरते ती शोकांतिका. साठ वर्षें नेमानें रियाज करून सुखानें म्हातारा झालेला वादक नजरेंत भरत नाहीं. म्हणून वादकांच्या पटांत व्यसनें, तुरुंग, खून आणि अकालमृत्यु यांची गर्दी झाली आहे, आणि वाजविणें हें त्या गर्दींतून वाट काढीत येतें.

स्वीडनचे कास्पर कोलिन यांचा 'आय कॉल्ड हिम मॉर्गन' हा २०१६ सालीं व्हेनिसला दाखविलेला पट याच जातीचा वाटेल, कारण त्याच्या केंद्रस्थानीं एक खून आहे. फेब्रुवारी १९७२ मध्यें न्यूयॉर्कच्या एका जॅझ-क्लबांत ली मॉर्गन या तेहतीस वर्षांच्या कर्णेवाल्यास त्याची सहचरी हेलन हिनें गोळी घातली. परंतु कोलिन यांनीं या घटनेचा बाजार मांडला नाहीं. त्यांच्या पटाचा आधार म्हणजे एक साधी ध्वनिफीत आहे. शिक्षा भोगून हेलन विल्मिंग्टन या आपल्या गांवच्या भागांत परतली व प्रौढांच्या वर्गांत शिकूं लागली. तिच्या शिक्षकास जॅझची आवड होती. तो तिला ओळखून होता. त्यानें १९९६ सालीं तिला बोलतें केलें व तें बोलणें टिपून घेतलें. पुढें थोड्याच दिवसांत ती वारली. त्या खरखरत्या फितींतून तिचा आवाज ऐकूं येतो तेव्हां आरोपी, साक्षीदार आणि विधवा या तिन्ही भूमिका एकाच कंठांतून बोलत आहेत असें वाटतें. व्यसनानें रस्त्यावर पडलेल्या मॉर्गनला तिनेंच उचलून पुन्हा उभें केलें होतें, हें कळल्यावर न्याय करावयास निघालेला प्रेक्षक थबकतो. एका शिक्षकानें एका दुपारीं यंत्राची कळ दाबली नसती तर व्हेनिसचा पडदा रिकामाच राहिला असता.

अशीच गोष्ट 'थेलोनियस मंक: स्ट्रेट, नो चेसर' या १९८८ सालच्या पटाची. मंक हा पियानोवादक वाजवितां वाजवितां उठून स्वतःभोंवतीं गिरक्या घेत असे. बोले अत्यंत थोडें. १९६७-६८ सालीं ब्लॅकवुड बंधूंनीं त्याच्याबरोबर हिंडून सुमारें चौदा तासांचें चित्रण केलें होतें. तें वर्षानुवर्षें तसेंच पडून राहिलें. १९८२ सालीं मंक वारला, आणि त्यानंतर शार्लट झ्वेरिन यांनीं तें बाहेर काढून त्याचा पट रचिला. महोत्सव, पारितोषिकें, चित्रगृहें हें सर्व पुढचें. आधीं कोणीतरी जिवंतपणीं टिपलेलें असावें लागतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ज्या १९४८ सालीं परभणीसह सारा मराठवाडा निजामाच्या अंमलांतून मोकळा झाला, त्याच सालीं मध्यवर्ती सरकारनें फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापिली. तिचे अनुबोधपट मुख्य चित्रपटाआधीं दाखविणें परवान्याच्या अटींनुसार चित्रगृहांस बंधनकारक होतें. म्हणजे जो मान आज दूरच्या महोत्सवांत झगडून मिळवावा लागतो, तो अनुबोधपटास एके काळीं तालुक्याच्या चित्रगृहांतहि फुकट मिळत होता. त्याचें फळ काय झालें? प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर शेंगदाणे खात उभा राहूं लागला. या संस्थेनें उस्ताद अमीर खांसारख्या गवयांवर १९७० च्या सुमारास उत्तम पट काढले, हें खरें. पण सक्तीनें वाढलेलें पान जेवणाराला गोड लागत नाहीं. पुढें सक्ति गेली. ही संस्थाहि २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. आज मुंबईचा अनुबोधपटांचा महोत्सव आणि पणजीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव हीं मोठीं दारें आहेत. मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर छत्रपति संभाजीनगरास भरणारा अजंठा-वेरूळ महोत्सव हें जवळचें दार. तेथून पुढें परभणीपर्यंत वाट नाहीं.

अशा स्थितींत गोव्यानें एक निराळी वाट काढून दाखविली. बार्दरॉय बार्रेतो यांचा 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी पट काटेकोर अर्थानें अनुबोधपट नव्हे. गोव्याचा कर्णेवाला व संगीतरचनाकार ख्रिस पेरी, जो २००२ सालीं वारला, आणि त्याची गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावर तो बेतला आहे. पात्रांचीं नांवें मात्र लॉरी व डोना अशीं ठेविलीं आहेत, आणि विजय मौर्य व पालोमी घोष यांनीं त्या भूमिका केल्या आहेत. सुमारें वीस जुनीं गाणीं नव्यानें वाजवून त्यांच्याच आधारें कथा चालविली आहे. २०१४ सालासाठींच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट कोंकणी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला, कलादिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला व पालोमी घोष यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. पण आम्हांस या मानचिन्हांहून महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, बार्रेतो यांनीं वितरकांच्या मेहेरबानीवर न राहतां सभागृहांतून स्वतः खेळ लावले, आणि गोंवेकर कुटुंबेंच्या कुटुंबें, आजीपासून नातवापर्यंत, ते पाहण्यास आलीं. आपल्या लग्नांत, आपल्या सणांत जीं गाणीं वाजलीं तीं कोणाचीं, हें त्यांस त्या पडद्यावर कळलें.

पटाचें मूल्यमापन करितांना त्याचे दोषहि सांगणें भाग आहे. नांवें बदलल्यामुळें दिग्दर्शकास मोकळीक मिळाली, पण साक्ष गेली. लॉरीचा दोष हा ख्रिस पेरीचा मानावा कीं कथेचा, असा संदेह राहतो, आणि हयात असलेल्या गायिकेच्या मौनाचा अर्थ दुसऱ्यानेंच लावावा हेंहि थोडें खटकतें. १९९५ सालीं अनेक वर्षांनीं लोर्ना पुन्हा गाऊं लागल्या, तो क्षण खुद्द त्यांच्या तोंडून ऐकण्यांत जी शक्ति असती ती उत्तम अभिनयांतहि येत नाहीं. या दृष्टीनें सुशील कुरियन यांचा 'फाइंडिंग कार्लटन' हा २०११-१२ च्या सुमाराचा अनुबोधपट अधिक प्रामाणिक आहे. कलकत्त्याचे गिटारवादक कार्लटन किटो हे जॅझचे दिवस सरल्यावरहि एकनिष्ठपणें तेंच वाजवीत राहिले. २०१६ सालीं ते वारले. कुरियन यांनीं त्यांना त्यांच्या हयातींत शोधून काढलें. येथें खून नाहीं, पतन नाहीं. आहे ती एका माणसाची चिकाटी. पण या पटाला गोव्यासारखा घरचा समाज लाभला नाहीं. रसिकांच्या लहान मेळाव्यांपुरताच तो राहिला. एका पटास प्रेक्षक मिळाला व साक्ष सुटली. दुसऱ्यास साक्ष मिळाली व प्रेक्षक सुटला. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर आमच्या मतें महाराष्ट्राच्या जत्रांतच आहे. बैलगाडीवरून व पुढें मोटारीवरून गांवोगांव फिरणारे तंबूंतील सिनेमे आपल्याकडे कित्येक दशकें चालले. त्यांच्याच अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनीं 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा अनुबोधपट काढला, व २०१६ सालीं कानमध्यें त्याचा विशेष उल्लेखानें सन्मान झाला. आमचा तंबू कानला पोहोंचला आणि गांवांतून नाहींसा होत गेला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. जत्रेंत माणूस सक्तीनें येत नाहीं कीं मोहोर पाहून येत नाहीं. आपल्या माणसांबरोबर आपलें कांहींतरी पाहावयास येतो. परभणीस दर फेब्रुवारींत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, सर्व धर्मांचे लोक त्यांत मिसळतात. गंगाखेडास जनाबाईच्या नांवानें कीर्तनें होतात. वादकाचा पट दाखविण्यास याहून योग्य सभा कोणती?

पण दाखवावयाचें काय? येथेंच आमचें दारिद्र्य उघडें पडतें. उरुसांत गाणारे कव्वाल, संबळ वाजविणारे गोंधळी, वरातींतील क्लॅरिनेटवाले, यांच्यापैकीं किती जणांचें वाजविणें पूर्णपणें, मध्यें न तोडतां, त्यांच्या नांवानिशीं व तारखेनिशीं कोणीं टिपून ठेविलें आहे? वरातींतून बँडाची जागा ध्वनिवर्धकांच्या भिंती घेत आहेत. क्लॅरिनेट फुंकणारा आजचा म्हातारा गेला कीं त्याच्याबरोबर त्याची फुंकहि जाईल. साधन नाहीं, ही सबब आतां उरलेली नाहीं. विल्मिंग्टनच्या शिक्षकापाशीं होतें त्याहून सरस यंत्र आज प्रत्येक तरुणाच्या खिशांत आहे. उणीव आहे ती त्या शिक्षकाच्या आस्थेची.

जो कोणी हें काम हातीं घेईल त्यानें वादकाला एक तरी चीज सबंध वाजवूं द्यावी; तो कोणाकडून शिकला, वाद्य कोठून आणलें, बिदागी काय मिळे, हें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें; आणि पट प्रथम त्याच्या गांवांत, त्याच्या देखत दाखवावा. मग तो पट मुंबईस जावो, पणजीस जावो कीं व्हेनिसला जावो. आम्हांस आनंदच होईल. तेथून तो मानाची मोहोर घेऊन परत आला तर ती मोहोर पाहण्यास गांव जमेल. पण वादक डोळे मिटून गेल्यावर दूरच्या शहरांतील लोकांनीं उभें राहून टाळ्या वाजवाव्या आणि त्याच्या गल्लींतील मुलांस त्याचें नांवहि ठाऊक नसावें, असा प्रवास कितीहि लांबचा असला तरी आम्ही तो अपुराच समजूं.